ढाब्यासमोरची रांग

मध्यवर्ती बँकेच्या विभागीय कचेरीत मंदाकिनी उमाळकर नावाच्या अर्थतज्ज्ञ होत्या. बाजारपेठेत दौरे करून, बाजार सावरतोय, असा अहवाल त्यांनी धाडला मात्र, मुख्यालयातले मोठे साहेब मोटार काढून थेट येऊन धडकले.

"लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून देणाऱ्यापुढची रांग बघून अहवाल लिहिता? आकडे यायला तीन महिने आहेत अजून. तुमचे दौरे बंद!"

"बरं साहेब. वाटेत जेवलात कुठे?"

"ढाब्यावर. झकास जेवण!"

"तोच ढाबा कसा निवडलात?"

"त्यात काय? बाहेर ट्रकांची ही भलीमोठी रांग!"

"आकडे यायची वाट नाही पाहिलीत?"

साहेब पोटावरून हात फिरवत खो खो हसले. दुसऱ्या दिवशी भांडेगल्लीत बाईंच्या शेजारी उभे राहून साहेबच रांग मोजत होते.