माठातलं पाणी

"पण फादर, बाई हिंदू. तिनं दिलेला बाप्तिस्मा धरायचा कसा?"

ब्रदर क्लेमेंट हे तिसऱ्यांदा विचारत होता. सेमिनरीतून नुकताच वसईकडच्या या गावात आलेला डीकन, फादर व्हायला एकच पायरी उरलेली, सगळे नियम तोंडपाठ. म्हातारे फादर इनास आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. पाय सुजले होते त्यांचे. देवाच्या कामानंही माणूस दमतोच की.

सकाळी फिलोमिनाचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं आणि तासाभरात गेलं. क्लेमेंटला निरोप वेळेवर मिळाला होता. पण पवित्र तेल विसरलं म्हणून स्वारी अर्ध्या वाटेतून मागं फिरली. तोवर वेणूबाई सुईणीनं बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं होतं.

यावर या शहाण्यानं काय करावं? आईसमोरच म्हणाला, "हा बाप्तिस्मा चालतो का, ते फादरांना विचारून सांगतो." बाप्तिस्म्याविना गेलेल्याला चर्चच्या मातीत जागा नाही, हे तिला ठाऊक होतं. तेव्हापासून फिलोमिना बाळाला मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

"पाणी कसलं होतं?" फादरांनी विचारलं.

"माठातलं."

"शब्द?"

"बरोबर म्हणाली. तुम्हीच शिकवलेत म्हणे, गावातल्या सगळ्या सुइणींना."

"मनात काय होतं तिच्या?"

"तेही विचारलं. म्हणाली, आईच्या मनात होतं तेच."

"मग अडलं कुठं?"

"फादर, तिचा विश्वासच नाही…"

"बाळाचं नाव काय ठेवलं?"

सगळं विचारलं होतं क्लेमेंटनं, तेवढंच राहिलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

वेणूबाई बाहेर ओट्यावर बसली होती. रात्रभराच्या जागरणानं डोळे लाल झालेले. फादरांनी तिला आत बोलावलं.

"वेणू, नाव काय दिलंस गं?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"बाप्तिस्मा दे, एवढं म्हणून फिलोमिनाची शुद्ध गेली, फादर. नाव कुणाला विचारू? बाळ तर चाललेलं… घाईत मला एकच नाव आठवलं. तुमचं. चुकलं असेल तर…"

फादर खुर्चीचे हात धरून उठले. पायांनीच चपला चाचपल्या.

"ब्रदर, तू पुढं हो. फिलोमिनाला सांग, मी येतोय… आज इनासला माती द्यायचीय."