बंद गोठ्यातला ठसका

एकदा एक गुरांचा वैद्य होता, त्याची एक शिष्या होती सुंदरा, आणि सुंदराच्या दारात वीस कोंबड्या नि सात शेळ्या होत्या. त्यातलं काय उरलं, ते शेवटी सांगते.

पौषात कोंबड्यांमध्ये मर आली. सकाळी उठून पाहावं तर चार माना टाकून पडलेल्या. सगळ्या गेल्या. सुंदराने खोल खड्डा करून पुरल्या, वर चुना टाकला, खुराडं जाळलं. वाटलं, सुटलो. आठ दिवसांनी एक शेळी खोकू लागली.

तेव्हा सुंदराने गुरूने शिकवलं होतं तेच केलं. आजारी जनावराला वारं लागू देऊ नये. पोती शिवून गोठा चहूबाजूंनी बंद केला, फट म्हणून ठेवली नाही. आजारी एका टोकाला, धडधाकट दुसऱ्या टोकाला. पाणी वेगळं, पाला वेगळा. तरी एकीमागून एक पाच शेळ्या गेल्या. उरल्या दोन. एक खोकणारी, एक गाभण.

वैद्य आला तेव्हा सुंदराची सासू द्वारका उंबऱ्यातच होती. म्हणाली, "पाच गेल्यावर आलात बाबा. सहावीला दर्शन द्यायला?"

म्हाताऱ्याने तोंडाला पंचा बांधला. खोकणारीला बाहेर काढलं, तिच्या रिकाम्या खुंट्यापाशी निखारे ठेवले आणि वर दोन सुक्या मिरच्या टाकल्या.

"सुंदरा, तू गाभणीपाशी जाऊन उभी राहा."

"म्हातारा चळला," द्वारका म्हणाली.

थोड्या वेळात पलीकडच्या टोकाला गाभण शेळी शिंकली. मग सुंदराला ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं.

"मिरची इथे, तू तिथे," वैद्य म्हणाला. "तुला कोणी नेऊन दिली?"

"कोणी नाही. हवेतून आली."

"शेळीचा खोकलाही तसाच येतो. रोग कोंबडीकडून आला खरा, पण आता त्याला कोंबडी लागत नाही. या श्वासातून त्या श्वासात जातो. तू बादल्या वेगळ्या केल्यास, हवा एकच ठेवलीस."

"वारं लागू देऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत."

म्हाताऱ्याने निखाऱ्यांवर राख लोटली.

"मीच. थंडीच्या खोकल्याला ते खरं होतं. प्रत्येक खोकल्याला खरं, असं मी धरून चाललो, आणि त्याचं मोल तुझ्या शेळ्यांनी दिलं. माझ्यापाशी औषध नाही, पोरी. पोती काढ. गाभणीला लांब, उघड्यावर बांध. आजारीपाशी जाताना तोंड झाक, तिला बाकी कोणी शिवू नये. सरकारी डॉक्टरांना आजच कळव. या रोगाने एकदा वाट बदलली आहे. माणसापर्यंतची वाट आपण दाखवायला नको."

द्वारका उठली आणि पहिलं पोतं तिनेच ओढून काढलं.

सहावी तिसऱ्या दिवशी गेली. गाभण मात्र परसातल्या बोरीखाली राहिली, थंडीत कुडकुडत, पण खोकली नाही. चैत्रात व्याली. दोन पिलं झाली. सुंदरा पिलांना पुसत होती, द्वारकाने वैद्याच्या हातावर गूळ ठेवला, तेवढ्यात एक पिलू शिंकलं.

तिघांचे हात जागच्या जागी थांबले.

"धूळ गेली असेल," द्वारका म्हणाली. तिघंही ऐकत उभी राहिली. दुसरी शिंक आली नाही. पिलू धडपडत उठलं आणि आईला लुचू लागलं.