पट्टेरावांची दुसरी जागा

फार पूर्वी एका तळ्यावर राजहंसांचा थवा हिवाळ्याला उतरायचा आणि उन्हं तापू लागली की डोंगरांपलीकडे परत जायचा. थव्याचा एक नियम होता. दोन वर्षं ज्याने थवा नेला, त्याला पुन्हा पुढारी निवडायचं नाही.

पट्टेरावांची दोन वर्षं संपली होती आणि तरण्या नीराची निवड झाली होती. निघायच्या सकाळी तळ्यावर नुसती धांदल होती. पिल्लं पाण्यावर धावून पंख अजमावत होती. तेवढ्यात पट्टेराव म्हणाले, "मी नीराच्या मागे दुसरा उडेन. नियमात दुसऱ्याबद्दल काहीच नाही."

सगळे एकदम बोलू लागले. "खरंच की, नाहीच."

"अहो, पण पहिला थकला की दुसराच पुढे जातो. मग नियम राहिला कुठे?"

वारा छान सुटला होता, पण भांडणापायी कुणी हलेना.

थव्यात सगळ्यांत शेवटी उडणारी रखमाआत्या पुढे आली. "पट्टेराव, दोनच वर्षं का ठेवली, ठाऊक आहे?"

"दमायला होतं म्हणून."

"नाही. पुढे उडणाऱ्याला मागचे दिसत नाहीत म्हणून."

"मग मी दुसराच होतोय ना?"

"दुसऱ्याला फक्त पहिला दिसतो," आत्या म्हणाली.

नीराने पाण्यावर धाव घेतली आणि अख्खा थवा तिच्यामागे उठला. पट्टेराव निघाले ते आत्याच्याही मागून. उंच गेल्यावर त्यांनी समोर पाहिलं आणि पाहतच राहिले.

"आत्या," ते म्हणाले, "आपण इतके जण आहोत?"