बिनपितळाचे गिअर

एकदा एक गुळाचा व्यापारी आपली मोटार घेऊन एका वृद्ध मिस्त्रीच्या दारी आला. मोटार लहान होती, पण साधी नव्हती. मागचे आसन काढून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला होता. घाटातल्या शर्यतींत ती धावत असे. व्यापाऱ्याने नव्या गिअरांचा संच बरोबर आणला होता. जुने काढून ते बसवायचे होते.

मिस्त्रीला सगळे वस्ताद म्हणत. घाटाच्या पायथ्याशी त्याचे गॅरेज होते आणि त्यामागच्याच खोलीत तो एकटा राहत असे. बोलणे मोजके, काम चोख. हाताखाली एकच शिष्य होता. त्याचीही चाळिशी उलटली होती.

व्यापाऱ्याने विचारले, "वस्ताद, ह्या गिअरांचा आवाज लई येतो म्हणं?"

"येतो."

"शेजारच्याशी बोलता येईल न्हवं?"

"ओरडून."

"मग आमची मंडळी बसायची न्हाईत गाडीत."

"त्या आत्ता तरी कुठं बसत्यात," वस्ताद म्हणाला.

व्यापारी हसला आणि गाडी सोडून गेला.

गुरुशिष्यांनी गिअरबॉक्स उतरवला, उघडला. जुन्या गिअरांबरोबर पितळेच्या रिंगा निघाल्या. त्यांच्या आतल्या बारीक खाचा झिजून सपाट झाल्या होत्या. शिष्याने त्या भंगाराच्या डब्यात टाकल्या आणि नवा संच फडक्यावर मांडला. मांडता मांडता तो थांबला.

"वस्ताद, ह्यात रिंगाच न्हाईत. पाठवायच्या राहिल्या काय?"

"राहिल्या न्हाईत. ह्यांना नसत्यात."

नव्या गिअरांना अंगालाच जाड दाते होते. एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचेत थेट बसायचे. मधे काही नाही. शर्यतीत जोर सोसायला आणि गिअर झटकन पडायला असेच लागते. वस्तादाने प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहिले, फटी मोजल्या, तेल भरले. काम निर्दोष झाले.

मग शिष्याने गाडी मोकळ्या जागेत फिरवून आणली. प्रत्येक गिअरला दाते करकरले. साध्या गाडीत जसा दांडा ढकलतो तसा तो ढकलत होता. वस्ताद दारात उभा होता.

"खडी फोडायचं यंत्र आणलंस काय?"

"गिअरच तसं हाय, वस्ताद."

वस्ताद स्वतः गाडीत बसला आणि एक फेरी मारून आला. तीच गाडी, तीच जागा. दाते एकदाही करकरले नाहीत. शिष्य खाली बघत राहिला.

नवे गिअर आधी रुळवावे लागतात. हलक्या पायाने, चढावर आणि उतारावर, पुष्कळ अंतर गाडी न्यावी लागते. हे काम वस्ताद स्वतः करीत असे. दुसऱ्याच्या हाती तो ते कधीच देत नसे, आणि ही गोष्ट गावात सर्वांना ठाऊक होती.

संध्याकाळी हात धुताना शिष्य म्हणाला, "उद्या सुट्टी पायजे. आबांना एस.टी.त बसवायचंय. आत्याकडं निघालेत, घाटावर."

"किती दिवस?"

"कायमचं."

आबा म्हणजे शिष्याचे वडील. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. शिष्याचे लग्न झालेले नव्हते. घरात आता हे दोघेच होते, कारण मागल्या वर्षी आई गेली. ती गेल्यापासून बापलेकांत बोलणे उरले नव्हते. भांडण झाले होते असे नाही. भांडायलाही बोलावे लागते. खरे म्हणजे ते दोघे एकमेकांशी आधीही कधी बोलले नव्हते. जे काही असे ते आईमार्फत. आबा म्हणत, "कधी येणार म्हणावं तो? मला काय झोप न्हाई?" ती मुलाला सांगे, "आबा वाट बघत होते रे." मुलगा म्हणे, "त्यांना सांग, माझ्या कामात लक्ष घालू नका." ती आबांना सांगे, "दमलाय तो, उद्या बोलतो म्हणाला." तो उद्या उजाडत नसे, पण घर चालत असे. आता दोन माणसे दोन वेळा जेवत आणि भांड्यांचा तेवढा आवाज होई. एक दिवस आबांनी वळकटी बांधली आणि बहिणीकडे जातो असे भिंतीकडे बघून सांगितले. मुलगा बरं म्हणाला. आबा निघून जावेत असे त्याला वाटत नव्हते. पण ते सांगायचे कुणाकडून, हे त्याला कळत नव्हते.

वस्तादाने खुंटीवरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

"एस.टी. नको. ह्या गाडीतनं सोड त्यांना."

शिष्याला वाटले आपण चुकीचे ऐकले. "ही रुळवायची गाडी हाय, वस्ताद. माझा हात तुम्ही बघितलाय."

"बघितलाय."

"दातं गेलं तर?"

"तर माझं नाव जाईल. मालकानं गाडी माझ्यावर सोपवलीय, कुणी चालवायची ते मी ठरवीन. घाटातनं जा. पाय हलका ठेव."

शिष्य रात्रभर ह्याच कोड्यात होता. ज्याने बारा गावच्या मिस्त्र्यांना गाडीला हात लावू दिला नाही, त्याने हे का करावे?

सकाळी आबा दारात आले. गाडी पाहून क्षणभर उभे राहिले. आत शिरायला लोखंडी नळीवरून पाय टाकावा लागत होता. शिष्याने हाताने खूण केली. आबा वाकून आत बसले, वळकटी मागे पिंजऱ्यात गेली. खांद्यावरून येणारे जाड पट्टे शिष्याने त्यांच्या छातीवर बांधले. बांधताना दोघेही दुसरीकडे बघत होते.

गाडी निघाली आणि गिअरांनी सूर धरला. वेग वाढेल तसा तो चढत गेला. सपाटीवर दोन-तीनदा दाते करकरले. आबांचा उजवा हात गुडघ्यावर होता. प्रत्येक करकरीला त्याची बोटे आवळत.

घाट सुरू झाला. पहिले वळण कसेबसे गेले. दुसऱ्या वळणाला चढ एकदम उभा होता. शिष्याने तिसऱ्यातून दुसऱ्यात यायला दांडा ओढला. गिअर पडेना. त्याने पुन्हा ढकलला, दाते ओरडले, वेग मेला आणि गाडी वळणावरच बंद पडली. मागून एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"ओ शर्यतवाले, ढकलू का?"

शिष्याने घाईने किल्लीला हात घातला. तेवढ्यात शेजारून आवाज आला. आबांनी पट्टे ताणून खिडकीतून डोके बाहेर काढले होते.

"थांब की जरा. गिअर नवा हाय त्याचा."

ट्रकवाल्याने मान आत घेतली. आबांनी डोके आत घेतले. आपण मुलाची बाजू घेतली हे त्यांच्याही ध्यानात आले असावे, कारण ते समोरच्या काचेकडे बघत राहिले. शिष्याने गाडी सुरू केली. पहिला पडला. गाडी चढू लागली, सूर पुन्हा भरला.

"क्लच दोनदा," आबा म्हणाले.

"काय?"

"क्लच. दोनदा," आबा ओरडले. "दाब, गिअर भाईर काढ, क्लच सोड. जरा रेस दे. मग परत दाब आणि टाक. आमच्या जुन्या गाड्या अशाच होत्या."

शिष्याने तसे केले. दाते किंचित खरवडले.

"निम्म्या हातानं टाकू नको. भितोस म्हणून खातंय. टाकायचा तर टाकायचा."

पुढच्या वेळी खरवडही आली नाही.

"कुणी शिकवलं न्हाई व्हय तुला हे?" आबांनी विचारले.

"कोण शिकवणार होतं?"

हे शिष्याने ओरडून म्हटले, कारण हळू म्हटलेले ऐकू गेले नसते. हळू म्हटले असते तर कदाचित बोचलेही नसते. आबा गप्प झाले. एक वळण तसेच गेले. शिष्याला वाटले, झाले, संपले.

पुढचे वळण आले. चढ आला. आबांनी हात उचलून दांड्यावरच्या मुलाच्या मुठीवर ठेवला. तळवा खरखरीत होता. इंजिनाचा आवाज उतरत गेला, आणखी उतरला.

"आता," आबा म्हणाले.

गिअर लोण्यात सुरी शिरावी तसा पडला.

मग प्रत्येक वळणाला आबा म्हणत, "आता." आणि गिअर पडे. बाकी काही बोलणे झाले नाही. माथा जवळ आला तेव्हा शिष्याच्या लक्षात आले की मागच्या तीन वळणांना आबा काहीच म्हणाले नव्हते, आणि मुठीवरचा हातही कधीच निघून गेला होता. गिअर पडत होते.

आत्याच्या अंगणात गाडी उभी राहिली. शिष्याने वळकटी ओसरीवर नेऊन ठेवली. जे सांगायचे होते ते ओठांवर आले. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सांगायचे ते ओठांवरच राहिले.

"उताराला गाडी दुसऱ्यातच ठेव," आबा म्हणाले.

"बरं."

तो एकटा घाट उतरला. शेजारच्या आसनावर पट्टे सुटे लोंबत होते आणि गाडी हलली की त्यांची कडी नळीवर आपटत होती. गिअर सगळे पडले. "आता" म्हणणारे मात्र शेजारी कोणी नव्हते.

गॅरेजमध्ये वस्तादाने गाडीखाली परात सरकवली आणि गिअरचे तेल सोडले. तळच्या बोल्टाला चुंबक असते. त्यावर पोलादाचा बारीक चुरा बसला होता. वस्तादाने तो बोटाने पुसला, उजेडात धरला.

"माझ्या हातानं दातं खाल्लं," शिष्य म्हणाला. "वळणावर बंद पडली गाडी."

"पहिल्या खेपेला एवढा चुरा निघतोच."

"वस्ताद, गाडी माझ्याकडं का दिलीत?"

वस्ताद उकिडवा बसला होता, तसाच बसून बोलला.

"दोन चाकं फिरत असत्यात. एक जोरात, एक हळू. त्यांची गाठ घालून द्यायला मधे रिंग बसवत्यात. ती पितळेची का? पोलादाची का न्हाई? झिजायला एक मऊ लागतं म्हणून. ती ह्याला घासती, त्याला घासती, दोघांचा वेग जुळवती. गिअर अलगद पडतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपला हात चांगला. हात चांगला नसतो. पितळ झिजत असतं."

परातीत तेलाची धार बारीक झाली.

"तुमच्या घरातलं पितळ संपलं. तू अजून दांडा तसाच ढकलतोस आणि म्हणतोस, गिअर पडत न्हाई. तुझ्या बापानं जन्मभर बिनपितळाच्या गाड्या हाकल्या. त्याला ठावं हाय की वेग आपणच जुळवायचा असतो. रस्त्यावर ठावं हाय, घरात न्हाई. साध्या गाडीत बसवलं असतं तर दोघं मुक्यानं घाट चढला असता."

"ते राहिले तिथं," शिष्य म्हणाला.

"राहणारच. मी गाडी दिली. बाकीचं माझं काम न्हाई."

त्याने बोल्ट पुसून घट्ट केला आणि नवे तेल आणायला सांगितले.

शिष्य घरी आला. दिवेलागण झाली होती. आबांची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. तो थोडा वेळ उंबऱ्यावर बसला. आबांकडे मोबाईल नव्हता, म्हणून त्याने आत्याला फोन लावला.

"पोचलास व्हय रे नीट?" आत्या म्हणाली. "आबा अंगणात बसलेत. काय सांगू त्यांना?"

वर्षानुवर्षे तो ह्याच प्रश्नावर आपला निरोप देत आला होता. त्याच्या तोंडात आताही तो तयार होता.

"काही सांगू नको आत्या," तो म्हणाला. "त्यांच्याकडंच दे."

पावले वाजली. कुणीतरी काहीतरी पुटपुटले. मग फोनवर नुसता श्वास आला. दोघेही थांबले होते. शिष्याला आपल्या छातीत दाते करकरल्यासारखे वाटले, पण त्याने फोन ठेवला नाही.

"आबा, घरी कधी येणार विचारतोय."

"कोण विचारतोय?"

"मी."

मग आबा खाकरले.

"रविवारी ये हिकडं. मग बघू. ती गाडी घेऊन ये."

"ती उद्या मालकाला द्यायची हाय, आबा."

"मग एस.टी.नं ये."

शिष्य बरं म्हणाला. ह्या खेपेला ते बरं वेगळे होते.

ज्याच्या घरी निरोप पोचवणारे माणूस अजून हयात आहे, त्याने आजच त्याच्या हाती एक निरोप कमी द्यावा.