ठकू कुंभारणीचा हात

फार वर्षांपूर्वी, उंबरदऱ्याला गाडीरस्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट. गाव घाटमाथ्यावर, बाजार घाटाखाली आणि मध्ये सातशे दगडी पायऱ्या. डोक्यावर ओझं घ्यायचं आणि उतरायचं. म्हाताऱ्यांचे गुडघे कुठेही दुखतात हो, पण उंबरदऱ्यात अठरा-वीस वर्षांच्या पोरापोरींचे दुखायचे. चढताना कमी, उतरताना जास्त. गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची आणि पाय तिथेच अडायचा.

गावाकडे त्यावर एकच औषध होतं, डाग. विळा लाल करायचा आणि वाटीच्या बाजूला टेकवायचा. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. पण बापजाद्यांनी केलं, म्हणून सगळे करत.

ठकू कुंभारणीनेही केलं. तिचा नवरा चाकावर बसायचा, ती माती तुडवायची आणि ओली मडकी थापायची. एकुलती एक लेक तुळसा, ती मडकी घेऊन बाजारला जायची. एकोणिसाव्या वर्षी तिचा उजवा गुडघा धरला. डाग द्यायच्या दिवशी ठकूने स्वतःच्या हातांनी लेकीचे पाय दाबून धरले. तुळसा ओरडली, "आये, सोड गं!" ठकूने सोडलं नाही.

जखम भरली, कळ तशीच राहिली. आणि त्या दिवसापासून तुळसा आईला अंगाला हात लावू देईना.

तिचं लग्न घाटाखालच्या गावात ठरलं होतं, माघात. उंबरदऱ्याची नवरी पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरते, असा रिवाज. डोलीतून नेली तर खालचे लोक म्हणणार, लंगडी पोर आमच्या गळ्यात मारली, आणि लग्न मोडणार. तुळसाला तर ओटा उतरतानाही भिंत धरावी लागे. दसरा होऊन गेला होता.

ठकू रोज दुपारी लेकीसमोर बसायची. विचारायची, "ठिवू का हात?"

"नगं."

ठकू उठायची आणि माती तुडवायला जायची. एकवीस दिवस तिने विचारलं आणि एकवीस दिवस 'नगं' ऐकलं, असं म्हणतात. ती रागावली नाही. रडली मात्र, तेही मातीपाशी. त्या दिवसांत मातीला वेगळं पाणी घालावं लागलं नाही, असंही म्हणतात.

बाविसाव्या दिवशी तुळसा म्हणाली, "ठिव. पर थांब म्हनलं की उचलायचा."

"उचलीन बाय. देवीची आन."

ठकू गुडघ्याकडे गेलीच नाही. मांडीच्या बाहेरच्या अंगाला तिने अंगठा ठेवला आणि मातीतला खडा शोधावा तसा हळूहळू खाली आणला. तिथलं मांस ताठ होऊन वाटीला बाहेर ओढत होतं. तुळसा "थांब" म्हणाली की हात वर. पोर दिवसातून पन्नासदा थांब म्हणे, कधी कधी नुसती परीक्षा बघायला. हात पन्नासदा वर जाई.

मांडी सैल पडली, तेव्हा कुठे ठकूने वाटीला बोटं लावली. दोन्ही अंगठ्यांनी वाटी जराशी आत सरकवायची, एक श्वासभर थांबायचं, सोडायची. ओलं मडकं थापणाऱ्या बाईला किती जोर पुरे हे शिकवावं लागत नाही. मग लेकीला बाजेवर बसव, उठव, पुन्हा बसव, सावकाश, पायात बळ यावं म्हणून. पुढे ओट्याची एक पायरी, मग दोन.

माघ उजाडला. सगळं गाव पायऱ्यांपाशी जमलं. ठकू लेकीच्या एक पायरी खाली उभी राहिली, तोंड लेकीकडे, पाठ दरीकडे. हात पसरले, पण लावले नाहीत. आणि ती उलट्या पावलांनी उतरू लागली. तिचं पाऊल चुकेल तिथे दगड आपणहून पुढे सरकत होता, असं म्हणतात. मी काही तो दगड पाहिला नाही, पण खोटं म्हणायची माझी छाती नाही.

अर्ध्या वाटेवर तुळसाचा पाय अडला. वऱ्हाड थांबलं, वाजंत्री थांबली. कुणीतरी हळूच म्हणालं, "डोली आना." तुळसाने मान हलवली आणि आईकडे बघितलं.

"आये," ती म्हणाली, "धर गं."

ठकू पायरीवर बसली आणि तिने लेकीचा गुडघा ओंजळीत धरला. कळ ओसरेपर्यंत सूर्य घाटावर खोळंबून राहिला, असं म्हणतात. मग तुळसाने पाऊल उचललं आणि उरलेल्या पायऱ्या आपल्या पायांनी उतरली.

पुढे बारा गावची तरणी पोरं ठकूकडे येऊ लागली आणि उंबरदऱ्यात पुन्हा कुणी विळा तापवला नाही. आता घाटात डांबरी रस्ता आहे. तरी नवरी पायऱ्यांपाशी गाडीतून उतरते, आणि तिची आई तिच्यापुढे पहिल्या सात पायऱ्या उलटी उतरते. दवाखान्यात तालुक्याहून फिजिओथेरपीवाली बाई येते. तीही आधी विचारते, "ठिवू का हात?" तिला हे गावाने शिकवलं. समोरचा नगं म्हणाला, तर ती हात मागे घेते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते.