साहेबांच्या पाठीमागचा फळा

हे कुणाला सांगू नकोस, असं खोब्रेकरबाईंनी बजावलं होतं. धाकट्या भावाला सोडायला गेलेली मी पहिलीच्या दारात उभी होते. बाहेर धुकं दाटलं होतं.

वाचनाचं सरकारी अनुदान बंद करायला आलेले साहेब म्हणाले, "पोरं पोपटासारखी पाठ म्हणतात. मला एक शब्दही ऐकायचा नाही."

"बरं," म्हणत बाई त्यांच्या पाठीमागे गेल्या.

सगळी मुलं मुकाट्यानं उभी राहिली. सगळ्यांनी साहेबांकडे बोट केलं. मग सगळ्यांनी डोळे मिटले.

साहेब एक पाऊल मागे सरकले. "बाई, काय झालंय यांना?"

"वाचतायत, साहेब. मागे फळा बघा."

फळ्यावर लिहिलं होतं: उभे राहा. साहेबांकडे बोट करा. डोळे मिटा.

साहेबांनी अनुदान चालू ठेवलं. ते गेल्यावर बाईंनी मला हळूच विचारलं, "शेवटची ओळ तू लिहिलीस का गं?"

मी तर दारातून हललेही नव्हते. आई हाक मारतेय, लिहिणं थांबवते, पण ते अक्षर तर माझंच