फळीवरचं मीठ

फार फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या कुशीत घोंगडी विणणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावाची एक रीत होती. भाजी कुणीही चिरावी, चूल कुणीही पेटवावी, पण भांड्यात मीठ घालायचं ते घरातल्या थोरल्या बाईनं. सून कितीही सुगरण असली, तरी ती वेळ आली की हाक मारायची, "आत्याबाई, मीठ!" मग सासू हातातलं काम टाकून यायची, चिमूट सोडायची आणि परत जायची.

त्या गावात सारजा नावाची एक सून होती. थंडीच्या दिवसांत तिचा सासरा वारला. सासू भिंतीला टेकून बसली, ती बसलीच.

शेजारची ठकूमावशी भेटायला आली. निघताना तिनं सारजाला दारात गाठलं.

"तिला आता कशाला म्हणून हात लावू देऊ नकोस हो. जन्मभर केलंय तिनं."

सारजाला ते पटलं, कारण सासूवर तिचा जीव होता. तिनं सासूच्या हातातली सूत काढायची चाती घेतली. पाण्याची घागर घेतली. मिठाचं मडकं चुलीजवळून उचलून वरच्या फळीवर ठेवलं.

"तुम्ही नुसत्या बसून राहा, आत्याबाई," ती म्हणाली.

आत्याबाई बसून राहिल्या. आणि हळूहळू त्यांचं खाणं तुटलं.

तेरा दिवस सरले, तेव्हा सारजानं कोंबडीचं कढण करायला घेतलं. आजाऱ्याला, बाळंतिणीला त्या गावात हेच देत. कोंबडीचे तुकडे, कांदा, ठेचलेलं आलं-लसूण, हळद, मिरी, आणि वर भरपूर पाणी. मंद आचेवर मांस हाडापासून सुटू लागलं, की त्यात मूठभर जुना तांदूळ. तांदूळ शिजून फुलला, की कढण दाटसर होई आणि घरभर ऊबदार वास भरून राही. तिनं स्वतःच्या हातानं मीठ घातलं, अगदी बेताचं, आणि वाडगा सासूपुढे ठेवला.

आत्याबाईंनी एक घोट घेतला.

"छान झालंय हो," त्या म्हणाल्या, आणि वाडगा बाजूला सारला.

दुसऱ्या खेपेला सारजानं त्यात तूप सोडलं. तिसऱ्या खेपेला मिरी वाढवली. दरवेळी एक घोट, दरवेळी "छान झालंय हो," आणि दरवेळी वाडगा बाजूला.

"कोंबडी म्हातारी होती का गं?" ठकूमावशीनं विचारलं.

"तुमच्याहून लहान होती, मावशी," सारजा म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

वैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली आणि सारजाला अंगणात बोलावलं.

"दुखणं काही नाही, पोरी. पण पोटात अन्न गेलं नाही, तर तुझी सासू येती अमावास्या बघायची नाही."

सारजानं पुन्हा कढण चढवलं. तांदूळ फुलत आला होता, एवढ्यात दावं तोडून मेंढा सुटला आणि अंगणात वाळत घातलेल्या लोकरीत शिरला. सारजा धावली. मेंढा बांधून, लोकर झटकून, घामाघूम होऊन ती परतली, तर कढण उतू जायच्या बेताला आलेलं. घाईघाईत तिनं त्यातलं वाडगाभर ओतलं आणि सासूपुढे ठेवलं.

आत्याबाईंनी घोट घेतला आणि त्या थांबल्या.

"सारजे, मीठ कुठाय यात?"

सारजानं कपाळावर हात मारला. "विसरलेच हो! थांबा, आणते."

"तू कशाला आणतेस? मी काय मेले?" भिंतीला धरून आत्याबाई उठल्या आणि चुलीपाशी गेल्या. हात नेहमीच्या जागी गेला, तिथे मडकं नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं.

"हे इतकं उंच कुणी चढवलं?"

सारजानं मडकं खाली काढून सासूपुढे धरलं.

आत्याबाईंनी तीन बोटांत मीठ घेतलं. मग हात भांड्यावर धरला.

"त्यांना कमी लागायचं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं त्यांच्या जिभेनं घातलं. मला जरा जास्त आवडतं." त्यांनी चिमूट सोडली. मग आणखी थोडं घातलं, ढवळलं, तळहातावर थेंब घेऊन चाटला.

"आता झालं. घे, तूही वाढून घे."

भांड्यातलं कढण वाढून घेऊन दोघी चुलीपाशीच बसल्या. आत्याबाईंनी वाडगा संपवला आणि तळाशी राहिलेलं शीत बोटानं निपटून खाल्लं.

अमावास्या आली आणि गेली. मिठाचं मडकं पुन्हा चुलीजवळ आलं, चाती पुन्हा आत्याबाईंच्या हाती फिरू लागली. तेव्हापासून त्या गावात दुःखाच्या घरी कढण न्यायचं झालं, तर ते अळणीच नेतात. भांडं खाली ठेवायचं आणि म्हणायचं, "मीठ तेवढं तुमच्या हातचं घाला."

दुःखी माणसाच्या हातातलं सगळंच काम काढून घेऊ नये. ज्यासाठी त्याला उठावंसं वाटेल, एवढं तरी त्याच्यापाशी राहू द्यावं.